‘सांग ना, करतो मी’ आणि इतर भांडणं

या वेळी पत्रं भरपूर आलीयेत आणि का कोण जाणे ठाणे आणि नवी मुंबईचीच जास्त, त्यामुळे बाकीच्या गावच्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा. नावं आणि सोसायट्या नेहमीप्रमाणे काढून टाकल्यात. पत्रं थोडी कापलीयेत, रागावू नका, एकीने तर पत्र कमी पडलं म्हणून वर व्हॉइस नोट पाठवलेत.

प्रश्न: ताई, आमच्या लग्नाला दोन वर्षं होतील. कासारवडवलीला भाड्याने राहतो, वन बीएचके. मी अंधेरीला जाते म्हणजे सकाळी बस नाहीतर शेअर रिक्षा करून स्टेशन, मग लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, येताना हेच सगळं उलट आणि वर घोडबंदरचं ट्रॅफिक. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, पण आठवड्यातले तीन दिवस तो घरूनच काम करतो. नवरा वाईट नाहीये हे आधीच सांगते. सांगितलेलं सगळं करतो. कुकर लाव म्हटलं की लावतो, कपडे वाळत घाल म्हटलं की घालतो. पण सांगावं लागतं!! परवा मी घाटकोपरच्या ब्रिजवर गर्दीत चेंगरतीये आणि याचा फोन, ‘अगं डाळ कुठली लावू?’ म्हटलं लाव रे बाबा कुठलीही, तर म्हणे ‘नाही, मग नंतर म्हणशील हीच का लावली.’ मी फोन कट केला आणि रात्री जेवले नाही. तो म्हणतो एवढं काय झालं, मी करतो ना सगळं, माझ्या बाबांनी तर कधी पाण्याचा ग्लास पण उचलला नाही. मी जास्तच करतीये का?

उत्तर: नाही गं. पण डाळीवरून भांडलीस तर तो डाळीचंच उत्तर देणार, आणि डाळीपुरतं बोलायचं तर त्याचंही खरंच आहे, त्याने विचारलं यात वाईट काय.

झालंय काय की तुमच्या घरात कामं वाटली गेलीत पण लक्षात ठेवणं वाटलं गेलेलं नाही. दूध संपत आलंय, कामवाली मावशी शुक्रवारी येणार नाहीयेत, मेंटेनन्सचा मेसेज आलाय पण घरमालक भरतो का आपण, सासऱ्यांचा वाढदिवस, तुरडाळ तळाला गेलीये, हे सगळं तुझ्या डोक्यात चालू असतं आणि तू ते एकेक करून त्याला फोनवर वाढतेस. सरकारचा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, २०२४ चा, त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. हे पण जे पुरुष काहीतरी करतात त्यांचंच, न करणारे यात धरलेलेच नाहीत. आणि यात फक्त हातांनी केलेलं काम आलं. उभ्याने लोकलमध्ये ‘गॅसवाल्याला फोन करायचा राहिला’ हे आठवणं कुठल्या रकान्यात येणार?

तर माझं म्हणणं असं की त्याला कामं देऊ नकोस, खातं दे. अख्खं. किराणा-भाजी त्याची म्हणजे काय संपलंय ते बघणं त्याचं, आणणं त्याचं, निवडून ठेवणं त्याचं आणि संपलं नाही तोवर वापरणंही त्याचंच. पालकाची जुडी आणली आणि पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या ट्रेमध्ये ढकलली की शनिवारी तिथे हिरवं पाणी झालेलं असतं आणि ती पिशवी चिमटीत धरून कचऱ्यात टाकायला तूच जातेस, बरोबर ना? आता ती त्याने धरायची. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कागदात गुंडाळून ठेवली तर टिकते हे त्याला तिसऱ्या जुडीला आपोआप कळेल, तू पहिल्या जुडीला सांगायला जाऊ नकोस. आणि यादी तर अजिबात करून देऊ नकोस, यादी करणं हेच तर खरं काम आहे.

आता तुझ्या वाटणीचं अवघड. मधे पडायचं नाही. एखाद्या संध्याकाळी घरात कांदा नसेल, बेसनाच्या जागी मैदा येईल, कोथिंबीर विसरल्यामुळे पोहे बोडके होतील, खायचे. ‘बघ, म्हणून मी सांगत होते’ हे वाक्य तोंडातून गेलं की खातं परत तुझ्याकडे आलंच समज. बऱ्याच घरात गाडी इथेच अडते, नवरा शिकायला तयार असतो पण बायकोला ते चार आठवडे बघवत नाहीत.

राहिले बाबा. त्यांनी ग्लास उचलला नसेल, कबूल, पण त्या वेळी आई काय करत होती हे नवऱ्याला एकदा आईलाच विचारायला सांग. ठाण्या-डोंबिवलीच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायका व्हीटीला नोकरी करून लेडीज डब्यात गवारीच्या शेंगा मोडत घरी यायच्या, घरी आल्यावर तेवढीच दहा मिनिटं वाचावीत म्हणून. त्यांना कोणी विचारलंच नाही की असं ठरलंय का. ठरवलं नाही की घर जुन्याच वहिवाटीने चालायला लागतं, मग दोघं कितीही शिकलेले असोत.

प्रश्न: एसी २२ वर (तो) की २७ वर (मी)? रोज रात्री रिमोटची लपवालपवी चालते. उत्तर एका ओळीत द्या, तो वाचणारे. (माजिवडा)

उत्तर: एका ओळीत: २५, फॅन चालू आणि गारठणाऱ्या माणसाला गोधडी. एका ओळीत मावत नाही म्हणून पुढचं, स्टार लेबलवाले एसी कंपनीतूनच २४ च्या सेटिंगवर यावेत असा नियम २०२० पासून आहे आणि प्रत्येक डिग्री वर नेली की वीज साधारण ६ टक्के वाचते असं वीजबचतीचं काम बघणारी सरकारी संस्थाच सांगते, तेव्हा २२ वाल्याने मे महिन्याचं महावितरणचं बिल स्वतःच्या अकाउंटमधून भरून बघावं. रिमोट लपवू नका, सापडत नाही मग दोघांनाही.

प्रश्न: नमस्कार. मी पुरुष आहे, तुम्ही पुरुषांची पत्रं घेता का माहीत नाही. आम्ही घणसोलीला राहतो. बायको ऐरोलीला अमेरिकेच्या प्रोसेसमध्ये आहे, म्हणजे काम तिकडच्या वेळेने, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, घरी यायला चार. मी महापेला, सकाळी आठला निघतो आणि सातला येतो. म्हणजे आठवडाभर आम्ही एकमेकांना झोपलेलेच बघतो. भांडण पण व्हॉट्सअॅपवर करतो आणि ती रिप्लाय देते तेव्हा मी झोपलेला असतो. शनिवारी-रविवारी मला वाटतं कुठेतरी जाऊ तर ती दुपारी तीनपर्यंत उठत नाही. मागच्या रविवारी मी एकटाच सीवूड्सला मॉलमध्ये जाऊन आलो तर त्याच्यावरून पण रडारड. आई म्हणते नोकरी सोडायला सांग, असला संसार कुठे असतो का. अजून एक, तिची कॅब हल्ली सोसायटीपर्यंत येत नाही, मेन रोडला सोडून जाते, मला झोप लागत नाही ती येईपर्यंत.

उत्तर: पुरुषांची पत्रं घेते की, येतच नाहीत फारशी.

शेवटचं आधी. कॅब दारापर्यंत आली पाहिजे. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा जो कायदा आहे त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची, घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकावर येते, ही काही कंपनीची मेहरबानी नाही. तिने एचआरला मेल करावा, फोन नको, मेलच. तोवर तू चारला खाली जाऊन उभा राहा, तसाही जागाच असतोस.

आता झोप. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकी गाढ नसतेच, उजेड असतो, शरीराचं घड्याळ उठायला सांगत असतं, त्यामुळे ती दुपारी तीनपर्यंत पडून असते याचा अर्थ ती भरपूर झोपली असा नाही. एकदा सुट्टी घेऊन आठवड्यातला एक दिवस घरी थांब आणि बेल किती वेळा वाजते ते ऐक. दूध, कचरा, पेपरचं बिल, इस्त्रीवाला, शेजारच्या काकूंचं कुरिअर, मग ‘मॅडम, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस’. प्रत्येक वेळी तिचा डोळा उघडतो. बेलला खाली स्विच असतो, सकाळी निघताना तो बंद करून जायचं. दूध तू निघायच्या आधी घे. कचऱ्याची बादली रात्रीच बाहेर ठेव. वॉचमनला सांगून ठेव की चार वाजेपर्यंत कुरिअर खालीच घ्यायचं आणि इंटरकॉम करायचा नाही. बेडरूमला जाड गडद पडदे लाव, सुंदर नको, काळोख करणारे हवेत. एवढं केलंस ना तर रविवारची निम्मी चिडचिड कमी होईल.

आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी फिरायला जायचा हट्ट सोड. तिची सकाळ दुपारी तीनला होते. शनिवारी रात्री नऊला निघा, वाशीचा मिनी सीशोअर काय किंवा पाम बीचवरून बेलापूरपर्यंत चक्कर काय, रात्रीचं ट्रॅफिकही कमी असतं आणि ती पूर्ण जागी असेल. तू पेंगशील. आठवड्यातून एकदा तू पेंगलास तर चालतं.

आईचं काय ते तू बघ. म्हणजे खरंच तूच बघ, बायकोपर्यंत ते येऊ देऊ नकोस. नोकरी सोडायची की नाही, दिवसाची शिफ्ट मागायची की नाही हे तिच्या डोक्यात आहे का, हे तू पत्रात लिहिलंच नाहीयेस. तिला विचारलंयस का?

प्रश्न: ताई, लग्न गेल्या डिसेंबरात झालं, त्यामुळे यंदाचा अधिक महिना म्हणजे आमचा पहिला धोंडा. नेरूळला राहतो, सासुरवाडी कळव्याला. माझ्या आईने बायकोला सहज म्हणून बोलून दाखवलं की आमच्यात जावयाला चांदीचं ताट देतात, माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही दिलं होतं. सासरे रिटायर झालेत, धाकटी मेव्हणी अजून शिकतीये. बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. मी तर काहीच मागितलेलं नाही!!

उत्तर: काहीच मागितलं नाहीस हे खरं, पण नको असंही म्हणाला नाहीस.

गेला अधिक महिना २०२३ चा श्रावण होता, यंदा, म्हणजे २०२६ चा, ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान पडतं, तो हिशोब जुळवायला बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक जादा महिना घालायचा, म्हणून तेहेतीस अनारशांचं वाण. मूळ प्रकरण एवढंच, लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे, अनारसे, दिवा. ताट तांब्याचं असायचं, परवडणाऱ्याने चांदीचं दिलं असेल, मग त्याच्या शेजारच्याने बघून दिलं आणि आता तो ‘आमच्यातला’ रिवाज झाला. असेच होतात रिवाज.

आधी आईला फोन कर, बायकोसमोर नको, एकट्याने. ‘मी ताट घेणार नाही, तू परत हा विषय त्यांच्याकडे काढू नकोस’ एवढं सांग. बहिणीच्या वेळी दिलं होतं म्हणतील, तर तेव्हा आईबाबांना किती ओढाताण झाली ते तुला आठवत असेल, त्याची आठवण करून दे. मग सासूबाईंना फोन. ‘फक्त अनारसे खायला येतोय, दुसरं काही दिलंत तर तिथेच ठेवून येईन.’ त्या पहिल्यांदा नाही नाही म्हणतील, दुसऱ्यांदा पण म्हणतील, तू ठाम राहा. आणि अनारशांना कमी समजू नकोस, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला की गेलं सगळं, त्यामुळे त्या माऊलीला तेहेतीस करून घालायला लावतोयस तर जाताना त्यांच्यासाठी साडी तू घेऊन जा.

बायकोला काय झालं ते मग सांग. ‘मी तुझ्यासाठी आईशी भांडलो’ अशा सुरात नको, तुझी आई आहे, तुझंच काम होतं ते.

प्रश्न: सासूबाई साताऱ्याहून महिनाभर राहायला आल्यात. मी ऑफिसला गेले आणि संध्याकाळी आले तर स्वयंपाकघर बदललेलं! साखरेच्या जागी रवा, मिसळणाचा डबा वर, चहा पावडर सापडायला पाच मिनिटं. नवरा म्हणतो इतक्या छोट्या गोष्टीवरून काय. (कोपरखैरणे)

उत्तर: छोटी गोष्ट नाहीये, अंधारात हात घालून साखर सापडली पाहिजे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे.

पण त्यांच्या बाजूनेही बघ. साताऱ्याला अंगण, शेजार, मंडई, सगळं चालू असतं. इथे तुम्ही दोघं नऊला बाहेर पडलात की दार बंद, समोरच्या फ्लॅटचं पण बंद, टीव्हीचा रिमोट तीन प्रकारचा. बाईने करायचं काय दिवसभर? डबे लावले. संध्याकाळी सोसायटीच्या गार्डनमध्ये त्यांच्या वयाच्या बायका बसतात त्यांच्यात एकदा स्वतः जाऊन ओळख करून दे, भजनी मंडळ असेल तर तिथे, ‘जा ना आई खाली’ असं वरूनच म्हणू नकोस. डब्यांचं त्यांना सरळ सांग, हसत सांग पण सांग, ‘आई, सकाळी घाईत मला हात घातला की हवं असतं, हे एवढं शेल्फ माझ्या पद्धतीने राहू दे, बाकी तुम्हाला हवं तसं.’ नवऱ्याकरवी निरोप पाठवू नकोस, तो निरोप भलताच होऊन पोचतो.

प्रश्न: दर वर्षी गणपतीला तेच. सासर रत्नागिरीजवळ, तिथे गौरी-गणपती. माहेर पेणला, दीड दिवसाचा. आई-बाबांना आम्ही दोघीच मुली, ताई बाहेरदेशी. नवरा म्हणतो घरचा गणपती सोडून कसं चालेल. दर वर्षी ऑगस्टमध्ये भांडण होतं आणि मी रडत सासरी जाते. (कामोठे)

उत्तर: ऑगस्टमध्ये भांडता हेच चुकतंय. रेल्वेचं रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं, आधी ते १२० दिवस होतं, आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. म्हणजे पनवेलहून तुतारी नाहीतर कोकणकन्येचं तिकीट ज्याने काढलं त्याने त्या क्षणी तुमचा गणपती ठरवला, नंतर चर्चेला उरलंच काय. तिकीट नवराच काढत असणार, हो ना?

चतुर्थीला दोघंही पेणला जा, कामोठ्याहून पेण ते काय, एसटीने सहज होतं. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचं विसर्जन झालं की रात्रीच्या गाडीने रत्नागिरी. गौरी त्यानंतर येतात, त्यामुळे सून गौरीच्या आवाहनाला घरात, ओवशाला घरात, कोणाला बोलायला जागा नाही. चतुर्थीची पूजा नवऱ्यालाच करावी लागत असेल, घरात दुसरं कोणी नसेल, तर त्याने सरळ रत्नागिरीला जावं आणि तू पेणहून मागाहून एकटी जा. पण हे रिझर्वेशन उघडायच्या आदल्या रविवारी बोला आणि या वर्षी तिकीट तू काढ.

प्रश्न: ताई, कोलशेतला फ्लॅट बघितलाय, ८० लाखांपर्यंत जाईल. एजंट म्हणाला फक्त मॅडमच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते. नवरा लगेच तयार. सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, त्यांचेही पाच लाख आहेत त्यात. कर्जाचा हप्ता साठ टक्के तो भरणार, चाळीस मी. काय करू?

उत्तर: एजंटचं खरं आहे. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडीला आलं की ती जाते. तुमच्या बाबतीत ८० हजार. रक्कम छोटी नाही, रजिस्ट्रेशनचे ३० हजार निघून वर मॉड्युलर किचनचा एखादा कोपरा होईल.

पण वीस वर्षं साठ टक्के हप्ता भरणाऱ्या माणसाचं नाव ८० हजारांसाठी अॅग्रीमेंटमध्ये नसावं हे मला पटत नाही, आणि हेच उलटं असतं, तुझे पैसे आणि नाव त्याचं, तर मी तुला याच्या दुप्पट मोठं उत्तर लिहिलं असतं. शिवाय तो जुन्या कररचनेत रिटर्न भरत असेल तर हप्त्यातल्या व्याजाची वजावट त्याला मिळायला तो कर्जदारही हवा आणि मालकही, नुसता कर्जदार असून भागत नाही. ते गणित सीएला विचारून घ्या, कदाचित ८० हजारांपेक्षा जास्तच वाचत असतील. तेव्हा दोघांची नावं टाका आणि वाटा किती किती ते अॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या.

सासूबाईंचे पाच लाख उसने की भेट? हे आत्ता, बुकिंगच्या आधी, त्यांच्यासमोर बसून विचारा. उसने असतील तर परत कधी तेही लिहा. कोणी विचारत नाही, संकोच वाटतो, आणि मग सात वर्षांनी हॉलचा रंग कुठला लावायचा यावरून ते पाच लाख बाहेर येतात.

प्रश्न: लहानसा प्रश्न आहे. नवऱ्याच्या पीएफला नॉमिनी म्हणून अजून त्याच्या आईचंच नाव आहे, नोकरीला लागला तेव्हाचं. मला त्या पैशांचा मोह वगैरे नाहीये पण खटकतं. विषय कसा काढायचा? तो म्हणेल माझ्या मरणाची वाट बघतेस का. (ऐरोली)

उत्तर: विषय मोहाचा नाहीच, नियमाचा आहे, त्यामुळे काढायला सोपा. पीएफच्या योजनेत लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्दच धरलं जातं, परत करावं लागतं. म्हणजे आत्ता त्याच्या खात्याला कागदोपत्री कोणीच नाही, आईपण नाहीत. हे असंच सांग, ‘अरे तुझ्या पीएफला कोणाचंच नाव नाहीये.’ आई त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांचंही नाव ठेवता येतं, दोघींचे टक्के लिहून, त्यामुळे आईला काढलं असं होत नाही. पीएफच्या पोर्टलवर त्याच्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरने, लॉगिन करून ई-नॉमिनेशन, तुझा आधार नंबर आणि फोटो लागेल, शेवटी त्याच्या मोबाइलवर ओटीपी येऊन ई-साइन. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते आधी बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं आणि परत सहा महिने राहून जातं.

बाकी पत्राच्या पाकिटावर तुझ्या कंपनीचं नाव छापलेलं दिसलं, म्हणजे तूही नोकरी करतेस. तुझ्या पीएफला कोणाचं नाव आहे?